बुधवारचं मुकं भजन

५ जानेवारी, सोमवार

आज कार्यकारिणीची सभा. ‘उगवती व्यसनमुक्ती केंद्र’, नागाव. मी मानद सचिव. अध्यक्ष दादा. केंद्र त्यांच्याच नारळाच्या वाडीत असल्यामुळे सभेत विरोधी मत असं सहसा नसतं.

दादा म्हणाले, देवव्रत, पुरुषांच्या खाटा कायम भरलेल्या आणि इतक्या वर्षांत एक बाई आली नाही. आपल्याकडच्या बायकांना व्यसनं नाहीत की आपण त्यांना आवडत नाही? मी म्हटलं, शोध घेतो. ते म्हणाले, शोध नको घेऊस, बायका आण. ८ मार्चला, महिलादिनी, महिला विभागाचं उद्घाटन. मुंबईहून डॉ. क्षिप्रा येणार, त्याच यातल्या तज्ज्ञ. त्यांच्या ट्रस्टची मदत हवी तर निदान पाच बायका उपचार घेताना दिसल्या पाहिजेत.

सोपं आहे. कॉलेजात मी मागणी-पुरवठा शिकवतो. पुरवठा उभा केला की मागणी येते.

घरी बायकोला, सुचित्राला सांगितलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, “आल्या तर बसवणार कुठे त्यांना?” मी म्हटलं, पुढच्या पडवीत, हवेशीर आहे, रस्ताही दिसतो. ती परत डाळ निवडायला लागली.

आपल्या घरात व्यसन नाही हे एक बरं. माझा चहा सोडला तर. सुचित्रा झोपेची गोळी घेते, पण ती चार वर्षांपूर्वी ऑपरेशननंतर डॉक्टरांनीच दिलेली. चिठ्ठीवरचं ते औषध. एकाच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या असाव्यात, पण औषधाचंही वय वाढतं.

यंदाचा संकल्प: कोणावरही संशय घ्यायचा नाही. मागच्या वर्षीचा संकल्पही हाच होता, पण मागचं वर्षच संशयास्पद होतं.

८ जानेवारी, गुरुवार

बोर्ड लागला. ‘महिला व्यसनमुक्ती विभाग’. लाल अक्षरं, वर ट्यूबलाइट. बरोबर एसटी थांब्यासमोर. अलिबागहून येणारा प्रत्येक माणूस वाचणार.

आमची समुपदेशक मनाली म्हणाली, सर, इथे बस थांबते. मी म्हटलं, म्हणूनच. तिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मनाली कोळीवाड्यातली, एमएसडब्ल्यू, कामाला चोख. पण पाहण्याची पद्धत बरोबर नाही. लक्ष ठेवायला हवं. (हा संशय नव्हे. सचिवाचं कर्तव्य.)

१३ जानेवारी, मंगळवार

अजून कोणी नाही. महिलांच्या सुरक्षेसाठी पडवीत सीसीटीव्ही बसवला. सोबत पती किंवा वडील आल्यास प्राधान्य, असंही खाली लिहून घेतलं. आधार वाटावा म्हणून.

दुपारी एक बाई फाटकाशी आली. चांगल्या घरातली, डोक्यावरून पदर. बोर्ड पाहिला, कॅमेरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, शहाळी कशी दिली? मी सांगितलं, शहाळी पलीकडच्या वाडीत. ती आभार मानून गेली. लोकांना पत्ता नीट विचारताही येत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

रिक्षावर भोंगा लावून प्रचार केला. नागाव, आक्षी, चौल. ‘माता-भगिनींनो, दारू, मिशरी, गोळ्या, लाजू नका!’ आवाज माझाच. आक्षीला एका खिडकीतून कोणीतरी पाणी फेकलं. झाडांना घालत असावेत.

घरी आलो तर सुचित्रा साडी बदलून निघालेली. कुठे? “भजनी मंडळात.” कुठलं मंडळ? “कोळीवाड्यात, तुळशीकडे. दर बुधवारी तीनला. महिना झाला.” महिना झाला! तुळशी म्हणजे आमची मासळीवाली. मिशरीने काळे झालेले दात दाखवत हसते आणि भाव कधी कमी करत नाही.

प्रथम आनंद झाला. वाडीतली बाई कोळीवाड्यात भजनाला, सामाजिक सलोखा वगैरे. मग आठवलं, सुचित्रा आरतीतसुद्धा फक्त ओठ हलवते.

२८ जानेवारी, बुधवार

कोळीवाड्याच्या बाजूला सहज जाणं झालं. तीनच्याच सुमारास.

तुळशीच्या घरामागे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. त्यांच्या आड उभा राहिलो. टाळ नाही. पेटी नाही. अभंग नाही. आत बोलणं चाललेलं, शब्द कळेनात. मग कोणीतरी रडलं. मग सगळ्या एकदम हसल्या. हे कुठल्या संप्रदायाचं भजन?

तुळशी मागच्या दाराने बाहेर आली. म्हणाली, “मास्तर, मासली हवी तं दारातून या. बोंबलाआड काय उभे ऱ्हाताव?” घाबरून सुके बोंबील घेतले. फार घेतले.

संध्याकाळी सुचित्राने पिशवी पाहिली. मी कोळीवाड्यात कशाला गेलो होतो ते विचारलं. मी म्हटलं, संस्थेच्या कामाला. ती म्हणाली, “मीही.” हे काय उत्तर झालं?

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: देवव्रत, तू बायकोवर संशय घेतोस का? उत्तर: नाही. मी फक्त शक्यता मांडतो. शक्यता अशा, की भिशी असेल, किंवा एखादा बुवा, किंवा बुवा नसलेला एखादा पुरुष.

पुरावे. ती नीट झोपत नाही. कपात चहा ओतताना हात थरथरतो. घाम येतो, तोही फेब्रुवारीत. मी ‘बरं वाटत नाही का’ विचारलं तर “वाटेल” म्हणाली. वाटेल! म्हणजे कधी? कोणामुळे?

विळीजवळ पांढऱ्या गोळीचा एक तुकडा सापडला. चतकोर. केमिस्ट तुटका माल देतोय म्हणून जाब विचारायला गेलो. कमलेश म्हणाला, सर, गोळ्या अख्ख्याच देतो, मॅडमच आता कमी नेतात. मी विचारलं, कमी का? तो म्हणाला, ते मॅडमना विचारा. आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. कमलेशही यात आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

उलगडा झाला!

मनालीची बुधवार दुपारची ‘फील्ड व्हिजिट’. सुचित्राचं बुधवार दुपारचं भजन. दोन्ही तीनला. दोन्ही कोळीवाड्यात. म्हणजे मनालीने केंद्राच्या वेळेत खासगी दुकान उघडलंय. आमच्याकडे येणाऱ्या बायका ती वाटेतच वळवते. आणि माझी साधी बायको टाळकरी म्हणून वापरली जातेय.

मनालीला केबिनमध्ये बोलावलं. मी म्हटलं, बायका तिथे जातात, इथे का येत नाहीत? ती म्हणाली, “सर, बोर्ड वाचता येतो त्यांना.” साक्षरता वाढली हे मान्य. पण रोख कळला नाही.

पुढे म्हणाली, जिचं कोणाला कळलं तर घरात बोलणी बसतील, मुलीचं लग्न अडेल, ती कॅमेऱ्यासमोर नवऱ्याला सोबत घेऊन कशी येईल? मी म्हटलं, तू त्यांना घाबरवतेस. निर्णय दिला: फील्ड व्हिजिट बंद. बुधवारी तीन ते पाच मनालीने इथेच, बोर्डाखाली बसायचं.

तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, “सर, काही जणींचा डोस डॉक्टरांनी हळूहळू उतरवत आणलाय. मध्येच आधार सुटला तर त्या घसरतील. त्यात तुमच्या ओळखीच्याही आहेत.” नावं सांग म्हटलं. नाही म्हणाली. नावं नसलेल्या माणसांची काळजी कोण करणार?

खंबीर राहिलो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मनाली बोर्डाखाली बसली. एसटीतून लोकांनी तिच्याकडे पाहिलं. बायका: शून्य.

सुचित्रा घरीच. मंडळ भरलं नाही म्हणाली. दुपारभर खिडकीशी बसून होती.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कामाच्या फेरवाटपाचा फायदा घरातही दिसू लागला! सुचित्रा तीन दिवस शांत झोपतेय. अगदी गाढ. सकाळी दहापर्यंत. घाम नाही, थरथर नाही, उलटून बोलणं नाही. खरं तर बोलणंच नाही. आमटीत दोनदा मीठ पडलं, ते मी हसून खाल्लं. पती म्हणून मी समजूतदार आहे हे मान्य करावं लागेल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कॉलेजातून लवकर आलो ते बरं झालं. दार उघडलं तर गॅसचा वास. शेगडी चालू, ज्योत नाही, दूध उतू जाऊन विझलेली. सुचित्रा बाजूच्याच खोलीत झोपलेली. चार हाका मारल्या तेव्हा उठली. म्हणाली, “काय झालं?”

खिडक्या उघडल्या. गॅसवाल्याला बोलावून रेग्युलेटर बदलून घेतला. रेग्युलेटर चांगला होता म्हणे. मला नाही पटत.

तिने विचारलं, “मनालीचे बुधवार परत सुरू होणार नाहीत का?” अशा वेळी हा प्रश्न! मी म्हटलं, तुझा त्यात काय संबंध? ती उठून पुन्हा आडवी झाली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दादांचा फोन. पाच बायकांचं काय? मी म्हटलं, प्रक्रियेत आहे.

आणि तेवढ्यात कल्पना सुचली. उद्घाटनाला ईशस्तवन लागतंच. कोळीवाडा महिला भजनी मंडळ! अकरा बायका (दारातल्या चपला मोजल्या होत्या) स्टेजवर. डॉ. क्षिप्रांना बायका दिसतील. त्या कशासाठी आल्या हे विचारणार कोण? शिवाय समोर गायल्या की हे मंडळ खरं की खोटं तेही कळेल. एका दगडात सगळं.

पत्रिका छापायला दिली. ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली. पंचेचाळीस अंगठे आले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी फाटकावर तुळशी. पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “मास्तर, आमचं नाव छापायला तुमाला कोनी सांगितलं? आमाला भजन येत न्हाय.” मी म्हटलं, मग मंडळ कशाचं? “मंडळ हाय. भजन न्हाय.” मी म्हटलं, संकोच नको, थोडा सराव करा. ती म्हणाली, “सराव करायला मनाली लागते.” मनाली भजन शिकवते? “व्हय. तीच बुवा आमची.” आणि काळे दात दाखवून इतकी हसली की पाटीवरचा कावळा उडाला.

तडजोड केली. उद्घाटनापर्यंत मनालीला बुधवार मोकळा. आजही सराव हवा असेल तर आजही. तुळशी पाटी उचलून जवळजवळ पळतच गेली. सुचित्राने हे आतून ऐकलं असावं. साडी न बदलताच निघाली. चप्पल वेगवेगळी घालून.

४ मार्च, बुधवार

पुन्हा सराव. आज होळीनंतरचा थकवा होता म्हणून मी बोंबलाआड न जाता रस्त्यावरच थांबलो. आवाज नाही. स्टेजवर एकदम उसळी मारायचा बेत असावा.

सुचित्रा पुन्हा रात्र रात्र जागी. पुन्हा घाम. पण आज स्वतःहून माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, “आठवड्यात परत खाली आणीन.” काय खाली आणणार ते विचारलं. “आवाज,” म्हणाली.

८ मार्च, रविवार, संध्याकाळी

कसं लिहावं.

डॉ. क्षिप्रा रो-रो बोटीने मांडव्याला उतरल्या, वेळेवर आल्या. बोर्डाकडे बघत गाडीतच जरा बसून राहिल्या. पडवीसमोरचा मंडप भरलेला. दादा फेटा बांधून. मी घोषणा केली: आता ईशस्तवन, सादरकर्ते कोळीवाडा महिला भजनी मंडळ!

अकरा जणी स्टेजवर आल्या. वाडीतल्या तीन, बाकी कोळीवाड्यातल्या. कडेला सुचित्रा. हातात भाड्याचे टाळ. आणि शांतता.

शांतता चालूच. लोक खाकरू लागले. मागून एक सासू मोठ्याने म्हणाली, “दर बुधवारी पोरगं माझ्या अंगावर टाकून जाते ती काय शिकायला?” तिची सून पहिल्याच रांगेत. तिच्या हातून टाळ पडले. सुचित्राने ते उचलले, सुनेचा हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी माइकवर म्हटलं, लाजू नका! तेच भोंग्यातले शब्द. आता मलाही ते वाईट ऐकू आले.

डॉ. क्षिप्रा खुर्चीवरून उठल्या. मनालीशी कानात बोलल्या. मग म्हणाल्या, महिलादिन आहे, पहिलं भजन फक्त महिलांसाठी, सर्व पुरुषांनी बाहेर चहा घ्यावा. मी थांबलो. त्या म्हणाल्या, “सचिव, तुम्हीही पुरुषच ना?”

तासभर बाहेर. मी, दादा, फोटोग्राफर आणि पेढे. सचिव या नात्याने ऑफिसात जाऊन सीसीटीव्ही पाहणं आवश्यक वाटलं. पडद्यावर फक्त जरीची नक्षी. सत्काराची शाल कोणीतरी कॅमेऱ्यावर टाकली होती.

आतून एकदा रडणं, एकदा हसणं. ऐकलेलंच.

९ मार्च, सोमवार

सकाळी सुचित्राने चहा दिला आणि समोर बसली. एकेक वाक्य जपून बोलली. रात्रीच्या तीन गोळ्या. सोडल्या तर अंग कापतं, म्हणून चार वर्षं सोडता आल्या नाहीत. मनालीने अलिबागच्या डॉक्टरांकडे नेलं. डिसेंबरपासून उतरवत अर्ध्यावर, मग चतकोरावर आली होती. बुधवार बंद झाला त्या आठवड्यात पुन्हा तीन.

“गॅस गुंगीत माझ्याच हातून उघडा राहिला. रेग्युलेटर चांगला होता,” म्हणाली. “आता परत एकावर आलेय.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? मी याच संस्थेचा सचिव आहे!

ती म्हणाली, “तुम्ही बोर्ड लावला असता.”

मी नाही म्हणणार होतो. मग विचार केला. लावला असता.

११ मार्च, बुधवार

बोर्ड उतरवला. कॅमेराही. प्राधान्याची ओळ मी स्वतः खरवडून काढली. माणसं विचारायला लागली, महिला विभाग बंद झाला का? हो म्हटलं.

सुधारणेचा सविस्तर आराखडा घेऊन मनालीकडे गेलो. मुलांना सांभाळायची सोय, बायकांना जमणारी वेळ, गुप्तता. ती म्हणाली, सर, हे सगळं तुळशीकडे आहे. डॉ. क्षिप्रा ट्रस्टतर्फे मनालीचा पगार देणार आणि महिन्यातून एकदा तुळशीकडेच येणार. केंद्राला काही नाही.

मग तिने खरी अडचण सांगितली. पत्रिकेमुळे मंडळ गावभर झालंय. रामनवमीचं आमंत्रण आलं. त्या सासूने सुनेला ‘एक अभंग म्हणून दाखव, मग जा’ असं बजावलंय. ती सून आज आली नाही. दारू सोडून तिला जेमतेम दोन महिने झालेत. रस्त्यावरच्या लोकांना निदान टाळ ऐकू आले, तर कदाचित तिला घरातून पुन्हा सोडतील.

ग्रुपवर खुलासा टाकतो म्हटलं. मनाली जवळजवळ ओरडली. तिचा चढलेला आवाज मी प्रथमच ऐकला. “काही टाकू नका, सर!”

मी म्हटलं, मग मी गातो. बाहेर बसून. गावाला वाटेल, मास्तर बायकांना भजन शिकवतात. मनालीने ओढणी तोंडाशी धरली. ती हसू आवरत होती की रडू, ते मला ओळखता येत नाही. सगळ्यांना विचारून सांगते म्हणाली. संध्याकाळी हो आलं. अटी: आत पाहायचं नाही, कोण आलं-गेलं मोजायचं नाही, आणि घरी विचारायचं नाही.

२३ मार्च, सोमवार

कार्यकारिणीची सभा. दादा भडकलेले. उद्घाटन झालं आणि विभाग गायब! महिला लाभार्थी किती? मी उभं राहून सांगितलं: शून्य. सगळे हसले. नवा सचिव शोधू या असा ठराव आला, एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला.

सभा संपल्यावर दादांनी बाजूला घेतलं. म्हणाले, “देवव्रत, बुधवारी कोळीवाड्यात जातोस म्हणे, बायकांच्यात. मी तुझ्यावर संशय घेत नाही. पण सुचित्राला माहीत आहे का?”

सगळं सांगून टाकावंसं वाटलं. जीभ दातांपर्यंत आली. म्हटलं, “भजनाची आवड लागली, दादा.” त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता.

२५ मार्च, बुधवार

गाण्याचा दुसरा बुधवार. तीन वाजता तुळशीच्या अंगणात. तोंड रस्त्याकडे, पाठ दाराकडे. येतो तो एकच अभंग म्हटला, पुन्हा पुन्हा. येणारे-जाणारे थांबून हसत होते. त्यांत ती सासूही होती. कमरेवर हात ठेवून ऐकलं, म्हणाली, “मास्तरच असा गातो तं पोरींना काय येनार!” आणि डोकं हलवत घरी गेली. थोड्या वेळाने माझ्या मागून कोणीतरी घाईने आत गेलं. बांगड्या वाजल्या. मान वळवली नाही. तीच सून असावी. नसेलही. माझं काम नाही.

आत एकदम हशा पिकला. मला हसल्या असतील का? चाल चुकली.

दारातून तुळशी ओरडली, “मास्तर, जरा हलू! आतमधी बोलता येत न्हाय.”

परतताना सुचित्रा स्कूटरवर मागे बसली. विचारायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं. देवळापर्यंत नाही विचारलं. मग विचारलं, कसं झालं?

ती म्हणाली, “पुढे बघा.”